कॅम्बर बोर्ड घेऊन पार्कात उतरताना

माझ्या पहिल्या कॅम्बर बोर्डाने, म्हणजे मधे कमान असलेल्या स्नोबोर्डाने, मला पहिल्याच दिवशी आपटलं, तेही डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टपासून वीस पावलांवर. ना उडी होती, ना रेल, म्हणजे घसरायचा लोखंडी दांडा. मी नुसती उभी होते, बोर्ड आपसूक घसरत होता, आणि पुढच्या क्षणी मी पाठीवर होते. मावसबहीण मागून येत होती. तिने हात द्यायच्या आधी विचारलं, "अगं, तू उभी कशावर होतीस? टोवर की हीलवर?"

"मधे."

"मधे असं काही नसतं या बोर्डावर."

ताईचं ते वाक्य मला तेव्हा खोचक वाटलं होतं. आता कोणालाही कॅम्बर शिकवताना मी तिथूनच सुरुवात करते. त्याआधी दोन हंगाम मी रॉकर, म्हणजे उलट्या कमानीच्या, बोर्डावर काढले होते आणि धड टो एजवर, म्हणजे बोटांकडच्या पोलादी कडेवर नाही, धड हील एजवर, म्हणजे टाचेकडच्या कडेवर नाही, असं तरंगत उभं राहायची खोड लागली होती. रॉकर ती खपवून घेतो. तुम्हीही तसेच रॉकरवरून कॅम्बरवर येत असाल, किंवा पार्कासाठी, म्हणजे उड्या आणि रेल मांडलेल्या बर्फाच्या उतारासाठी, पहिलाच कॅम्बर घेतला असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. वळणं घेणं, थांबणं, स्विच म्हणजे उलट्या पायाने घसरणं, एवढं येतं असं मी धरून चालते.

आधी फरशीवर

बोर्ड पुसून कडक, सपाट फरशीवर ठेवा आणि गाल जमिनीला लावून बाजूने बघा. मधला भाग कमानीसारखा उचललेला दिसेल आणि बोर्ड नोज आणि टेल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या टोकाच्या, जवळ दोनच ठिकाणी टेकलेला असेल. हे काँटॅक्ट पॉइंट. आता दोन बाइंडिंगच्या, म्हणजे बूट अडकवायच्या पट्ट्यांच्या, मधोमध, खालून वहीचा एक कागद सरकवा. आरामात जातो. मग मोजे घालून दोन्ही पायांनी बोर्डावर उभे राहा आणि कोणाला तरी कागद ओढायला सांगा. निघत नाही, फाटतो.

कॅम्बर म्हणजे एवढंच. तुमच्या वजनाने कमान दबते, बोर्ड सपाट होतो, आणि वजन काढलं की कमान परत उठू पाहते. लाकडी गाभा आणि त्याच्या वरखाली चिकटवलेलं फायबरग्लास ही पट्टीच्या स्प्रिंगसारखी वागतात. पार्कातल्या सगळ्या चांगल्या-वाईट गोष्टी यातूनच निघतात. दाबलेली कमान सुटते तेव्हा पॉप, म्हणजे उसळी, मिळतो. दाब फक्त पायांखाली न राहता एजच्या पूर्ण लांबीवर पसरतो, म्हणून कडक बर्फावर आणि किकरच्या, म्हणजे उडी मारायच्या बर्फाच्या रॅम्पच्या, चढावर एज धरून ठेवते. आणि टोकांजवळचे ते दोन बिंदू कायम बर्फाला चिकटून असल्यामुळे, बोर्ड जरा तिरका झाला आणि उताराकडची एज खाली आली की ती कच्चकन रुतते. मी आपटले ती अशी.

रॉकरमध्ये हे उलटं असतं, केळ्यासारखं. मध्य टेकलेला, टोकं उचललेली. लिब टेक कंपनीचा 'स्केट बनाना' हा बोर्ड २००० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आला आणि काही वर्षं पार्कात जिकडेतिकडे रॉकरच दिसायला लागले. ते चुका माफ करतात, बॉक्सवर, म्हणजे घसरायच्या रुंद पेटीवर, मजा येते, यात वाद नाही. पण किकर मोठे होत गेले तसे उड्या मारणारे कॅम्बरकडे परतले. हल्ली दोघांचं मिश्रणही मिळतं. माझं मत विचाराल तर शिकण्यासाठी एक तर हे घ्या नाही तर ते. मिश्रणावर पडल्यावर चूक कोणाची होती ते कळत नाही.

बोर्ड निवडताना फार डोकं लावू नका. पार्कासाठी ट्रू ट्विन हवा, म्हणजे नोज आणि टेल आकाराने आणि लवचिकतेने सारखे, कारण अर्धा वेळ तुम्ही उलटे उतरणार आहात. फ्लेक्स, म्हणजे वाकण्याचा कडकपणा, मध्यम. त्याला १ ते १० पैकी जो आकडा दिलेला असतो तो प्रत्येक कंपनीचा स्वतःचा असतो, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून उपयोग नाही. बोर्ड उभा धरा, टेल जमिनीवर, एक हात नोजवर, दुसऱ्या हाताने मध्यावर दाबा. तुमच्या हाताला जो अजिबात वाकत नाही, तो तुमच्या पायालाही सुरुवातीला वाकणार नाही. आणि बूट बोर्डाच्या रुंदीबाहेर फार लोंबत नाहीत ना एवढं बघा.

एज बोथट करा, पण हात राखून

नवीन कॅम्बर बोर्ड फॅक्टरीतून येतो तेव्हा त्याची एज टोकापासून टोकापर्यंत धारदार असते. डोंगरावर वळणं घ्यायला उत्तम, पार्कात त्रास. रेलवर जोड असतात, वेल्डिंगचे बारीक उंचवटे असतात, आणि धारदार एज त्यात अडकते.

मी वापरते तो गम स्टोन, म्हणजे रबरात दगडाची पूड मिसळलेला खोडरबरासारखा ठोकळा. काँटॅक्ट पॉइंट जिथे आहे तिथून टोकाकडे, आणि आत साधारण चार बोटं, एवढ्याच पट्ट्यात एजच्या कोपऱ्यावर तिरका धरून घासायचा. चारही ठिकाणी. मग नखाची चाचणी: नखाची वरची बाजू एजवर आडवी ओढा. धारदार एज नखाचा पांढरा भुगा काढते, बोथट झालेली नुसती सरकते. टोकांजवळ नख सरकलं पाहिजे आणि पायांखाली अजून थोडा भुगा निघाला पाहिजे.

इथे लोक दोन टोकाच्या चुका करतात. एक, काहीच करत नाहीत. दुसरे उत्साहाच्या भरात कानस घेऊन अख्खी एज गोल करून टाकतात, मग गोठलेल्या लँडिंगवर बोर्ड साबणासारखा निसटतो. घासलेलं पोलाद परत येत नाही. नव्याने धार काढायची म्हणजे आणखी पोलाद घालवायचं. म्हणून थोडं घासा, एक दिवस चालवा, मग लागलं तर आणखी. फक्त रेल आणि बॉक्सच करणार असाल तर पायांच्या मधली एजही हलकी बोथट करा. किकर करणार असाल तर तिला हात लावू नका.

बाइंडिंगसाठी बोर्डावर कंपनीने खुणा केलेल्या असतात. सुरुवात त्यांच्यावरच करा, म्हणजे नोज आणि टेल दोन्हीकडे सारखी लांबी राहील. पाय बदकासारखे बाहेर वळलेले: पुढचा +१५ अंश, मागचा -१५, किंवा मागचा थोडा कमी, -१२ किंवा -९. गुडघ्याला जे सोसेल ते. मी +१५ आणि -१२ वर आहे, कारण मागचा गुडघा कुरकुरतो.

पहिला दिवस पार्काबाहेर

याला कोणी तयार होत नाही. नवा बोर्ड घेतला की थेट किकर दिसायला लागतो. तरी एक सकाळ साध्या, सौम्य उतारावर घालवा.

पहिलं काम म्हणजे एज ठरवायची सवय. सरळ जातानाही बोर्ड अगदी दोन-तीन अंश टोवर किंवा हीलवर ठेवा. बाहेरून बघणाऱ्याला कळणारही नाही इतकंच. सपाट रस्त्यावर, लिफ्टकडे जाताना, विशेषतः तिथे. ताई मागून ओरडायची, "कशावर आहेस?" आणि मला तत्क्षणी "टो" किंवा "हील" म्हणावं लागायचं. दुपारपर्यंत मी चिडले होते, पण संध्याकाळपर्यंत एकदाही एज पकडली गेली नव्हती. कोणी सोबत नसेल तर स्वतःलाच मोठ्याने विचारा. हेल्मेटमध्ये कोणाला ऐकू जात नाही.

दुसरं, मुद्दाम सपाट राहायला शिका. ऐकायला उलटं वाटेल, पण बॉक्सवर आणि किकरच्या लिपवर, म्हणजे उडी सुटते त्या कडेवर, तुम्हाला बोर्ड खरोखर सपाट लागणार आहे. सपाट आणि बेफिकीर यात फरक आहे. बोर्ड ज्या दिशेला तोंड करून आहे, अगदी त्याच दिशेला जात असेल, तर सपाट बेसवर, म्हणजे बोर्डाच्या तळावर, काही होत नाही. बोर्ड एकीकडे आणि तुम्ही जराशा दुसरीकडे, असं झालं की काँटॅक्ट पॉइंट रुततो. म्हणून खांदे बोर्डाच्या रेषेत, नजर पुढे, दोन्ही गुडघे मऊ, वजन दोन्ही पायांवर सारखं. पाच मोजेपर्यंत सपाट, मग टो. पाच मोजेपर्यंत सपाट, मग हील. स्विचमध्येही तेच. स्विचमध्ये मी महिनाभर घाण करत होते.

ऑली: इथे वेळ घाला

कॅम्बर घेण्याचं खरं कारण हेच, म्हणजे टेलवर बोर्ड वाकवून मारलेली उडी, आणि बहुतेकांची ऑली ही ऑली नसतेच. ते दोन्ही पायांनी उडी मारतात आणि बोर्ड सोबत ओढून नेतात. त्यात कमान वापरलीच जात नाही. रॉकरवर हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तिथे परत मिळण्यासारखं कमी असतं.

आधी थांबून करा. सपाट बर्फावर बाइंडिंग बांधून उभे राहा. कंबर मागच्या पायाकडे सरकवा. नुसतं वरचं अंग मागे झुकवू नका, कंबरच न्या, इतकी की ती मागच्या बाइंडिंगच्या वर येईल. पुढचा गुडघा छातीकडे उचला. नोज वर येईल आणि बोर्ड टेलवर वाकेल. आता थांबा. मांडी थरथरायला लागेल आणि पायाखाली काहीतरी ताणून धरल्यासारखं वाटेल. तो ताण ओळखा, कारण पुढे सगळं त्याच्यावर आहे. आता मागच्या पायाने खाली ढकला. ताण सुटतो तेव्हा टेल बर्फावर 'टप्' असा कोरडा आवाज करते. हवेत मागचा गुडघाही वर घ्या म्हणजे बोर्ड आडवा होईल, आणि दोन्ही पायांवर एकदम उतरा.

तो आवाज माझा निकष आहे. 'खस्स' असा घासल्याचा आवाज आला तर टेल सरकली, म्हणजे बोर्ड सपाट नव्हता किंवा तुम्ही फार मागे गेलात. आवाजच आला नाही तर नुसती उडी मारलीत.

चालत्या बोर्डावर अवघड भाग वेळेचा. वजन मागे नेणं, ताण येणं आणि ढकलणं हे एका श्वासात व्हायला हवं. कॅम्बर ताण धरून ठेवत नाही. टेलवर जाऊन रेंगाळलात तर बोर्ड नुसता मागच्या चाकावरच्या सायकलसारखा पळतो, आणि वळवळायला लागतो. बर्फावर एक हातमोजा ठेवा आणि त्याच्यावरून ऑली मारा. मोजा दिसला की वजन मागे, नोज मोज्याशी आलं की ढकला. दहातल्या सात वेळा मोजा हलला नाही, की पार्कात चला.

बॉक्स आणि रेल

सुरुवात रुंद, जमिनीलगतच्या, सरळ बॉक्सपासून करा, ज्यावर बर्फावरून थेट चढता येतं. बॉक्सचा पृष्ठभाग प्लास्टिकचा असतो आणि तिथे एज चालत नाही. बर्फावर टो दाबली की बोर्ड वळतो, बॉक्सवर टो दाबली की पाय खालून जातात. म्हणून दिशा बॉक्सच्या आधी ठरवायची. साधारण तीन बोर्ड लांबी आधीच सरळ होऊन, सपाट होऊन, नजर बॉक्सच्या शेवटच्या टोकावर ठेवायची आणि मग काहीही करायचं नाही. काहीही न करणं हे फार कष्टाचं काम आहे.

उतरल्यावर मी सगळ्यात जास्त लोक पडताना बघितलेत. बॉक्स नीट पार होतो, आनंद होतो, अंग सैल पडतं, बोर्ड किंचित तिरका होऊन बर्फावर येतो आणि कॅम्बर रुततो. बॉक्स संपला तरी गंमत संपलेली नाही असं समजा. सपाट उतरा, गुडघे वाकवा, एक क्षण तसेच जा, मग एज निवडा.

बोर्डस्लाइडमध्ये, म्हणजे बोर्ड आडवा करून घसरताना, कॅम्बर निराळा लागतो. रेल पायांच्या मधे असते आणि तुमचं वजन दोन्ही बाजूंनी खाली दाबत असतं. कमान त्याच दिशेची असल्यामुळे बोर्ड रेलवर थोडा खोगीरासारखा बसतो. अरुंद रेलवर हे छान वाटतं, बसल्यावर हलत नाही. रुंद बॉक्सवर मात्र जरा झुकलात की उताराकडची एज अडते. उपाय एकच: छाती बोर्डाच्या बरोबर वर ठेवायची. भीती वाटली की माणूस मागे झुकतो आणि नेमका तेव्हाच बोर्ड पुढे निसटतो.

प्रेस, म्हणजे एका टोकावर वजन देऊन दुसरं उचलून घसरणं, मारायला कॅम्बरवर जोर लागतो. रॉकरचं नोज आधीच वर असतं, इथे ते कमानीविरुद्ध उचलावं लागतं. टेल प्रेससाठी कंबर मागच्या बाइंडिंगच्याही थोडी पलीकडे न्या, मागचा गुडघा वाकलेला, पुढचा पाय जवळजवळ सरळ. अर्धवट केलं तर नोज दोन बोटं उचलतं आणि फोटोत काही दिसत नाही. पूर्ण गेलात तर मात्र एक पक्की जागा सापडते, आणि बॉक्सच्या शेवटी तोच ताण सोडला की फुकटात ऑली मिळते. रॉकरवर मला ही कधीच मिळाली नाही.

किकर

आधी एकदा उडी न मारता बाजूने खाली जा आणि बघा: धावपट्टी, वर वळणारा चढ, लिप, मधला सपाट टेबल, उतार सुरू होतो ती कड म्हणजे नकल, आणि मग लँडिंग. उतरायचं असतं नकलच्या थोडं पुढे. सगळ्यात लहान किकर निवडा. वेग समजायचा सोपा मार्ग म्हणजे ज्याला तो किकर माहीत आहे त्याच्या मागे, अंतर ठेवून, तो सुटला तिथूनच सुटणं. सुटण्याआधी हात वर करून सांगा, आणि लँडिंग मोकळं आहे याची खात्री करा. वरून ते दिसत नसेल तर नकलजवळ बाजूला कोणाला तरी उभं करा. लँडिंगवर कोणी पडलेलं असलं की बाजूला उभा असलेला माणूस डोक्यावर हातांची फुली करतो. फुली दिसली की कोणीही सुटायचं नाही.

कॅम्बरवर धावपट्टीत मिळणारा फायदा म्हणजे स्थिरता. वेगात नोज फडफडत नाही. पण त्याची अट अशी की शेवटच्या दोन बोर्ड लांबीत एज बदलायची नाही. वेग जास्त वाटला तर ब्रेक आधी, चढ सुरू व्हायच्या आधी. चढावर घाबरून हील दाबली की काँटॅक्ट पॉइंट तुम्हाला वळवूनच हवेत पाठवतो, आणि तिथे दुरुस्ती होत नाही.

पॉपची वेळ इथेही तीच, फक्त मोज्याच्या जागी लिप. चढावर बोर्ड तुमच्या पायांत दबत जातो, गुडघे ते शोषतात. नोज लिपपर्यंत आलं की उठायला लागा आणि मागचा पाय लिपवर असताना ढकला. लवकर उठलात तर ताण चढातच खर्च होतो आणि तुम्ही टेबलावर आपटता. उशीर झाला तर बोर्ड हवेत गेलेला असतो आणि ढकलायला खाली काही नसतं. मी हंगामभर लवकर उठत होते आणि वेग कमी पडतोय असं समजून वेग वाढवत होते. हा हट्ट माझ्या टाचेने भोगला.

पहिल्या वीसेक उड्या सरळच मारा. मग हवेत गुडघे छातीशी घेऊन इंडी, म्हणजे मागच्या हाताने दोन पायांच्या मधे टो एज पकडायची. त्यासाठी खाली वाकू नका, बोर्ड वर आणा. १८०, म्हणजे हवेत अर्ध्या फेऱ्याला, लागाल तेव्हा कॅम्बरची पकड कळेल: बॅकसाइड १८० साठी, म्हणजे आधी पाठ उताराकडे वळवत फिरायला, टो एजवर हलकं वळण घेत लिपवर येता, आणि ती एज शेवटपर्यंत टिकते, त्यामुळे फिरायला ढकलायला काहीतरी घट्ट मिळतं.

उतरताना दोन्ही पाय एकदम आणि बोर्ड उताराच्या रेषेत. मागे बसून उतरलात तर टेल दबते आणि परत उसळते, आणि तुम्ही दुसरी, न ठरवलेली ऑली मारता. ती बघायला आलेल्यांना फार आवडते.

कधी नाही, आणि नंतर काय

पहाटेचा गोठलेला पार्क कॅम्बरला चालतो, एज धरते, पण लँडिंग सिमेंटसारखं असतं. मी थांबते, ऊन लागून वरचा थर मऊ होईपर्यंत. दुपारी बर्फ पातळ झाला की उलटा प्रश्न: वेग मिळत नाही, नोज आणि टेल लगद्यात ओढले जातात. तेव्हा मेण लावलेला बेस हवा आणि किकर सोडून बॉक्स धरावेत.

घरी आल्यावर बोर्ड पुसून एजवरून बोट फिरवा. तडा गेलेली एज बोटाला लागते. बेसला पडलेली खाच लाकडापर्यंत गेली असेल तर पाणी शिरायच्या आत बुजवायला हवी. आणि हंगामातून एकदा पुन्हा कागद घ्या. वाकून वाकून कमान उतरत जाते, आणि पार्कात ती लवकर उतरते.

मला आपटणाऱ्या त्या पहिल्या बोर्डाखाली परवा कागद घातला. कागद गेला, पण पोस्टकार्ड अडकलं. आता त्याच्यावर ऑली मारली की 'टप्' ऐकू येत नाही. नवं कोणी शिकायला आलं की पहिल्या सकाळी मी त्याला तोच देते, आणि मागून ओरडते, "कशावर आहेस?"